डॉन म्हणजे नक्की केव्हा?

३ फेब्रुवारी

पहाटमामांना साष्टांग नमस्कार.

हालहवाल नंतर विचारते, आधी माझी मान वाचवा.

मी शब्दकोशाच्या कचेरीत लागले हे तुम्हाला ठाऊक आहेच. इंग्रजी शब्द, पुढे त्याचा उच्चार, मग मराठी अर्थ, खाली वापराचं एक वाक्य. एका शब्दाला एक कार्ड. आम्ही चौघं दिवसभर कार्डं लिहितो आणि आमच्या संपादकबाई ती लाल पेन्सिलीने खरडून परत पाठवतात. माझ्या वाट्याला ‘डी’ अक्षर आलंय. ‘डॅड’ सुटला, ‘डॅम’ सुटला, ‘डान्स’ तर बाईंनी हसत पास केला. ‘डॉन’पाशी गाडी अडली.

मी लिहिलं होतं, ‘पहाट’. झालं. आणखी काय लिहिणार? कार्ड परत आलं. त्यावर लाल अक्षरांत: ‘पहाट मिट्ट काळोखातही असते. डॉन म्हणजे नक्की केव्हा? डेब्रेक आणि सनराइज यांच्याहून वेगळं कसं? स्वतः पाहिलं आहे का?’

आता बाईंना कोण सांगणार की मी साडेआठला उठते आणि दहाच्या ठोक्याला धापा टाकत कचेरीत शिरते! माझ्या खोलीला खिडकी एकच. ती उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. त्या भिंतीवर बारा महिने एकच वेळ असते.

एकतीस मार्चला माझी उमेदवारी संपते. ‘डी’ धड झालं तर कायम करतील, नाहीतर तळमजल्यावर पाकिटांना पत्ते चिकटवायला बसवतील. तिथे बसलेला माणूस परत वर आलेला कुणी पाहिलेला नाही.

आपल्या अख्ख्या गोतावळ्यात पहाट रोज बघणारा माणूस एकच. लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे आलो की नऊ वाजता आम्हाला गदागदा हलवून तुम्ही म्हणायचात, “सूर्यवंशी मंडळी, माझा निम्मा दिवस झाला!” तेव्हा तुमचा राग यायचा. आज तुमच्याशिवाय तरणोपाय नाही. काय काय दिसतं, कोणत्या क्रमाने दिसतं, सगळं बैजवार कळवा.

तुमची,
सूर्यवंशी भाची

९ फेब्रुवारी

चि. सूर्यवंशी हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. घराण्यातल्या एका तरी व्यक्तीला अखेर सकाळी जाग आली याचा आनंद वाटला. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षे हेडक्लार्की केलेला मी, तेव्हा मुद्देसूद लिहितो.

मी रोज पाच वाजता उठतो. झोपायच्या खोलीतल्या खिडकीशी खुर्ची टाकून चहाचा कप घेऊन बसतो. समोर पाण्याची मोठी टाकी आहे. तिच्यामागून प्रथम सूर्याचा तांबडा गोळा वर येतो. त्यानंतर साधारण दहा मिनिटांनी हळूहळू उजेड पडू लागतो. याला इंग्रजीत डॉन म्हणतात. सूर्य आधी, उजेड मागाहून. सामान्य जनांना हे ठाऊक नसते, कारण ते त्या वेळी अंथरुणात असतात.

आता डेब्रेक. ब्रेक म्हणजे मोडणे. लग्न मोडते, खुर्ची मोडते, तसा दिवस मोडतो. सबब, डेब्रेक म्हणजे संध्याकाळ. बेधडक लिही.

तुझी मामी त्या वेळी ढाराढूर झोपलेली असते. तिला या विषयातले काही विचारू नये. उगाच तिची झोपमोड होईल.

तुझा,
मामा

२० फेब्रुवारी

मामा,

बेधडक लिहिलं. आणि माझी पार शोभा झाली.

बाईंनी कार्ड हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, “सूर्य उगवल्यावर दहा मिनिटांनी उजेड पडतो.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तोवर सूर्य काय करतो? काडेपेटी शोधतो?” शेजारचा ‘एफ’वाला हसून हसून टेबलाखाली गेला. डेब्रेकचं कार्ड त्यांनी वाचलंच नाही. नुसतं उचललं आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. ते जास्त लागलं.

एवढ्यावर भागलं नाही. आमच्याकडे दोन ‘डॉन’ आहेत. एक तुमचा सकाळचा आणि दुसरा गुंडांचा, तो पुढचा असूनही ताडून बघायला मी आधीच लिहून ठेवला होता. उच्चाराच्या रकान्यात दोन्ही सारखेच दिसतात. टंकलेखकाने घाईघाईत माझी दोन्ही कार्डं एकत्र टंकली, आणि मुद्रितात आलं: ‘डॉन: गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या. हा पूर्वेकडून हळूहळू येतो. तो आला की पाखरं गाऊ लागतात आणि लोक निमूट कामाला लागतात.’ बाई म्हणाल्या, अख्ख्या ‘डी’मध्ये एवढी एकच नोंद वाचनीय आहे.

दहा दिवसांची मुदत मिळाली आहे. अखेरची.

आता मामा, एक विचारू? काल पडल्या पडल्या तुमच्या त्या खिडकीचा विचार करत होते. सुट्टीत त्याच खोलीत आम्ही पत्ते खेळायचो. दुपारी चारनंतर ऊन असं डोळ्यांत घुसायचं की मामी खिडकीला चादर टांगायची. म्हणजे टाकीमागे सूर्य मावळतो. तुमच्यासाठी तो तिथून रोज उगवतही असेल, तर हे बाईंना नाही, वेधशाळेला कळवायला हवं.

खरं सांगा, तुम्ही उठता किती वाजता?

वेगळ्या पाकिटातून मी मामीलाही पत्र टाकते आहे. तिची झोपमोड झाली तर माफ करा.

भाची

२६ फेब्रुवारी

लाडके,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून वाचलं आणि तोंडात पदर कोंबून हसले. पलीकडच्या खोलीत हे घोरत होते. घड्याळात पावणेनऊ.

तुझ्या मामाने जन्मात पहाट पाहिलेली नाही. लग्न झालं तेव्हापासून हे नऊला उठतात. कचेरी अकराची, मग कोण उठवणार? पाहुणे असले की साडेआठला उठून, तोंड धुऊन, ताठ बसायचे. पोरांनो, तुम्ही नऊपर्यंत लोळायचात, तुम्हाला तेवढंच पुरायचं. मी कधी बोलले नाही. माणसाची एखादी तरी कीर्ती असू द्यावी.

पण तू अडली आहेस, आणि तुला हवं ते मला माहीत आहे. आता कुणालाही न सांगितलेलं सांगते. पोटात ठेव.

गेली अकरा वर्षं मी रोज पाचला घराबाहेर पडते. पोहायला जाते. हो, पोहायला! बावन्नाव्या वर्षी शिकले. आमच्या इथल्या पोहण्याच्या तलावावर बायकांची पहिली पाळी साडेपाचला असते. आठच्या आत घरी. केस पंचाने खसाखसा पुसून वर लोकरी टोपी घालते. ह्यांनी एकदाही विचारलं नाही की बाई, तू एप्रिलातही टोपी का घालतेस.

आता तुझं काम. मी बहुतेक फेरे उताणी पोहते, म्हणून वरचं सगळं दिसतं. सुरुवातीला आभाळ काळं असतं, फक्त काठावरचे दिवे. मग एका फेऱ्याला हात पाण्यातून वर काढते आणि हात दिसतो. दिव्याशिवाय दिसतो, पण राखाडी. सगळंच राखाडी असतं, भिंत, पाणी, बाकीच्या बायका. तो तुझा डॉन. मग पाण्यात ताणलेली दोरी असते ना, तिच्यावरचे गोळे एकदम लाल दिसायला लागतात. रंग आला की समजायचं उजाडलं. रखवालदार त्याच वेळी दिवे मालवतो. तो डेब्रेक. आपण नाही का म्हणत तांबडं फुटलं? दिवस मोडत नाही बाई, फुटतो! आणि मग बऱ्याच वेळाने कपडे बदलायच्या खोलीच्या कौलांवर ऊन पडतं. तो सनराइज. चालेल का तुझ्या बाईंना?

आता माझं काम. एकवीस मार्चला गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात शर्यत आहे. या काठावरून त्या काठावर, दीड किलोमीटर. फटफटलं की सुरुवात. रखवालदाराने मला न विचारता माझं नाव दिलं. मी नाही म्हणायला गेले आणि हो म्हणून आले. पन्नाशीपुढच्यांना एक अट आहे: प्रत्येकीबरोबर एक नाव असते, आणि नावेत नावाड्याशिवाय घरचं एक माणूस लागतं. ह्यांना सांगायची सोय नाही. सांगितलं तर आधी लाजतील, मग रोज माझ्याबरोबर उठतील आणि काठावर उभं राहून मला हात कसे मारायचे ते शिकवतील. ह्यांना बादलीतही पोहता येत नाही.

तू येशील? पहाटे साडेचारला उठावं लागेल. तुला ते जमेल असं मला वाटत नाही, पण दुसरं कुणी नाही.

मामी

४ मार्च

मामी,

आधी तुला लोटांगण. मग बातमी.

तुझं सगळं मी कार्डावर उतरवलं. ‘डॉन: काळोख विरून वस्तू दिसू लागतात, पण रंग ओळखू येत नाहीत, ती वेळ. डेब्रेक: रंग ओळखू येऊ लागतात, ती वेळ, उजाडणे, तांबडं फुटणे.’ बाईंनी दोनदा वाचलं. लाल पेन्सिल हातात तशीच. मग विचारलं, “हे कुणाचं?” मी म्हटलं, घरचंच. त्या म्हणाल्या, “घरात माणूस असताना आधी तो गोळा कुठून आणलात?” मी मामांचं नाव घेतलं नाही. बघ, माझ्यातही माणुसकी आहे.

नाम झालं, आता क्रियापद राहिलं. ‘इट डॉन्ड ऑन हर’, म्हणजे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंना वापराचं असं वाक्य हवं आहे की वाचणाऱ्याच्याही डोक्यात तो पडावा. मी ‘चावी घरातच राहिली हे तिच्या लक्षात आलं’ असं लिहिलं. बाईंनी शेजारी लिहिलं, ‘आमच्या नाही आलं.’

तळ्यावरच्या शर्यतीला, तुझ्या नावेत, मी येणार. येणारच. घड्याळाचे तीन गजर, आणि घरमालकीणबाईंना दार वाजवायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, “तुझ्यासाठी दार वाजवून चालणार नाही, काढून न्यावं लागेल.” वीस तारखेच्या संध्याकाळी पोचते. मामांना सांग, सहज आले.

पण एक मनात येतं. अकरा वर्षं, मामी! दाराचा आवाज, ओले केस, क्लोरीनचा वास. मामांना खरंच काही कळलं नसेल?

भाची

९ मार्च

चि. सूर्यवंशी हिस,

तुझे चार तारखेचे पत्र गुरुवारी दुपारी आले. मामी बाजारात होती. पाकिटावर ‘मामा’ होते की ‘मामी’ हे चष्म्याअभावी नीट दिसले नाही. उघडल्यावर चष्मा सापडला. पुढचे सगळे वाचून झाल्यावरच चूक ध्यानात आली. पाकीट डिंकाने होते तसे करून ठेवले आहे.

तू विचारलेस, कळले नसेल का. तुला लिहितो. तिला कळता कामा नये.

अकरा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी कडी वाजली तेव्हाच मी जागा झालो. मला वाटले, दूध आणायला गेली. दुसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी न राहवून मागोमाग गेलो. तलावाच्या भिंतीपलीकडे उभा राहिलो. आतून कुणीतरी सांगत होते, “बाई, पाय हापटू नका, पाय मारा.” मग पाण्याचा मोठा आवाज झाला आणि तुझी मामी हसली. इतक्या मोठ्याने तिला हसताना मी घरी ऐकले नव्हते. मी परत आलो आणि पांघरूण डोक्यावर घेऊन पडलो.

असे बघ. मी उठलो की ती कामाला लागते. माझा चहा, माझे आंघोळीचे पाणी, माझा चष्मा, माझे वर्तमानपत्र. बस म्हटले तरी बसत नाही, इतक्या वर्षांची हाताला सवय. मी एकदा जरी पाचला उठून बसलो असतो, तरी ती टोपी काढून चहा टाकायला वळली असती. म्हणून मी उठायचेच सोडून दिले. पाचला जाग येते ती येतेच. नऊपर्यंत पडून राहतो. अधूनमधून घोरतो. घोरणे सोपे नाही, लय सांभाळावी लागते.

त्याआधीच्या वर्षांच्या पहाटा मात्र शुद्ध थापा होत्या. ते कबूल.

तेव्हा मला पहाट दिसते कशी ते ठाऊक नाही. डोळे मिटलेले असतात, खिडकी पश्चिमेची. ऐकून मात्र पाठ आहे. आधी कडी. मग जिन्याच्या सातव्या पायरीची करकर. मग बराच वेळ काही नाही. मग एकच चिमणी, जणू चुकून. मग कोपऱ्यावरच्या दुकानाची फळी. मग सगळ्या चिमण्या. शेवटी पुन्हा करकर, आणि स्वयंपाकघरात हलक्या आवाजात गाणे. गाण्यावरून किती फेरे झाले ते कळते.

तू म्हणतेस तशी सहज ये. नावेत नीट बस, मधे उभी राहू नकोस. आणि परतल्यावर मला काहीच माहीत नाही असे समजून सगळे सांग.

मामा

२३ मार्च

मामा,

तुम्हाला काहीच माहीत नाही असं समजून सांगते.

मी उठले. तिन्ही गजरांच्या आधी उठले, भीतीने. तुमच्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं. तुम्ही पत्रात लिहिलं नसतंत तर मीही फसले असते.

तळ्यावर चौदा बायका. मामी सगळ्यांत थोरली, दंडावर चौदा नंबर. नावाड्याने मला बसवलं आणि म्हणाला, “हलू नका.” मी म्हटलं, मी झोपेतच आहे. पण नव्हते. आधी तळं नव्हतंच, नुसता गार वास होता. मग नावेची कड दिसली. मग माझा हात दिसला, राखाडी. मामीच्या सांगण्यात तिळाइतका फरक नाही. मी सव्वीस वर्षांची आहे, आणि हे रोज फुकट चालू असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शिट्टी झाली. मामी घाई न करता निघाली. मधोमध पोचली तेव्हा सगळ्या पुढे गेल्या होत्या. ती दम घ्यायला उताणी झाली आणि तेवढ्यात रंग आला. डेब्रेक! टोप्या लाल, नावा हिरव्या. आणि बांधावर, झाडाआड, एक माणूस पिवळ्या-निळ्या चौकड्यांचं पांघरूण डोक्यावरून घेऊन उभा. मामा, त्या पांघरुणाखाली मी सहा सुट्ट्या काढल्यात. चौकडी एका कोपऱ्यात जळकी आहे, इस्त्रीने. झाडाआड लपायचं असेल तर पांघरूण साधं घ्यावं.

मामीनेही बघितलं. पाण्यात तशीच तरंगत राहिली. मला वाटलं, पायात गोळा आला. मी ओरडले, “मामी, काय झालं?” तिने तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाली, “अगं, हे जागे असतात.” आज असतात असं नाही म्हणाली. नुसतं असतात.

आणि मग जी सुटली! पाण्याला आग लागल्यासारखी. तिघींना मागे टाकलं. अकरावी आली. पलीकडच्या काठावर वर ओढून घेतली तर रडतेय की हसतेय ते ओल्या तोंडावर कळेना.

आज कचेरीत क्रियापदाचं वाक्य लिहिलं: ‘तो इतकी वर्षं जागाच होता, हे तिला उमगलं.’ बाईंनी वाचलं, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, “पुढे काय झालं?” शब्दकोशातल्या वाक्याला असं कुणी विचारत नाही, मामा. मला कायम केलंय. उद्यापासून ‘डेड’पासून पुढे.

तर काय म्हणता? पांघरूण कुणाचं होतं?

भाची

२७ मार्च

चि. सूर्यवंशी हिस,

कायम झालीस, फार आनंद झाला. पेढीवर, दुकानात, सगळ्यांना सांगितले.

बाकी मजकुराबद्दल: मी एकवीस तारखेला नित्याप्रमाणे नऊ वाजता उठलो. तळ्यावर दिसलेला इसम दुसरा कुणी असावा. चौकडीची पांघरुणे बाजारात ढिगाने मिळतात. मला चार दिवस सर्दी झाली आहे ती हवापालटामुळे.

अकरावी आली हे मला तुझ्या पत्रातूनच प्रथम समजले. शेवटच्या शंभर हातांत तिने डावा हात फार सुंदर मारला.

मामा

२ एप्रिल

लाडके,

पेढे पाठवायला हवेत तुला, पण पत्रावरच भागव.

तू गेल्यावर मी आठ दिवस त्याबद्दल काहीच बोलले नाही. हेही नाहीत. ह्यांनी मी दिलेली वाफ घेतली, सर्दीचं औषध घेतलं, ‘हवा बदलली’ म्हणाले. मी ‘हो ना’ म्हटलं. जेवताना दोघंही ताटाकडे बघायचो. म्हातारपणी चोरून भेटणाऱ्यांसारखी आमची गत.

मला राग यायला हवा होता, नाही? अकरा वर्षं मी चप्पल हातात घेऊन जिना उतरले. अंधारात टोपी चाचपडली. आणि हे आपले पडून ऐकतायत! दोन दिवस राग आणायचा प्रयत्न केला. आला नाही. सातव्या पायरीवरून उतरताना उलट उगाच जोरात पाय दिला.

काल मात्र पाचला उठले ते दिवा लावून. टोपी घातली, पिशवी घेतली, चप्पल घालूनच खोलीच्या दारात उभी राहिले. हे पांघरुणात, नखशिखांत. घोरणं चालू. मी म्हटलं, “मी पोहायला जातेय.”

घोरणं थांबलं. मला वाटलं, आता उठतात, आता चहा टाकावा लागतो.

मग पांघरुणाच्या आतून आवाज आला, “दार नीट ओढून घे. मी झोपलोय.”

मामी